मध्यरात्री तुमचा मीटर किती वेळा लुकलुकतो?

रातकिडा (धागाकर्ता)

घरातले सगळे दिवे एलईडी करून चार वर्षं झाली. मुलांच्या मागे "दिवा बंद, पंखा बंद" करत हिंडणं हा माझा जोडधंदा आहे. रिकामे चार्जर सॉकेटमधून उपटून ठेवतो म्हणून घरात मला उपट्या म्हणतात. एवढं सगळं करून विजेचा वापर तसूभर हलला नाही.

गेल्या आठवड्यात रात्री झोप येईना, म्हणून दोन वाजता टॉर्च घेऊन मीटरच्या पेटीसमोर जाऊन उभा राहिलो. लाल ठिपका लुकलुकत होता. पाटीवर ३२०० हा आकडा होता, म्हणजे ३२०० लुकलुकी झाल्या की एक युनिट. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार केला तर एका लुकलुकीमागे ११२५ ज्यूल येतात. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे आणि ११२५ ला त्यांनी भागायचं, की त्या क्षणी घर किती वॅट खातंय ते कळतं. कुठलंही यंत्र विकत घ्यायला नको.

मग पंखे बंद केले, फ्रिज बंद केला, दिवा तर एकही चालू नव्हता. बायको उठून "काय फुटलं?" म्हणाली, तिला परत झोपवलं. आणि मोजलं: ७० सेकंदांत १० लुकलुकी. म्हणजे सरासरी १६० वॅट!

घर झोपलंय आणि १६० वॅट कोण पितंय? वर्षभर असंच चाललं तर १४०० युनिट होतात. तुमच्याकडे रात्री किती भरतात ते मोजून सांगा, आणि माझा हा चोर कसा पकडायचा तेही सांगा.

आजोबांचा चष्मा

आमच्या वेळी मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरायची. वडील तिच्यावरची काळी खूण बघून सांगायचे, "कोणीतरी हीटर चालू ठेवलाय." आम्हाला वाटायचं, त्यांना सिद्धी आहे.

मोजतो आज रात्री.

शंकासुर

एवढा उपद्व्याप कशाला? सॉकेटमध्ये खोचायची वीज वाचवणारी डबी मिळते. हिरवा दिवा लागतो आणि वापर तीस-चाळीस टक्के कमी होतो म्हणतात. मी ऑनलाइन मागवली आहे, दोन महिने झाले.

तारतम्य

शंकासुर, मग झाला का कमी?

शंकासुर

यंदा उकाडा जास्त होता हो.

तारतम्य

ती डबी उघडून बघा (आधी सॉकेटमधून काढा आणि तासभर तशीच ठेवा). आत एक कपॅसिटर, एक-दोन रोध आणि तो हिरवा दिवा सापडेल. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर (तारेतून येणाऱ्या विजेपैकी किती खरोखर कामी येते ते प्रमाण) सुधारतो, हे खरं. मोठ्या मोटारी असलेल्या कारखान्यांना त्याचा फायदाही होतो. पण तुमच्या मीटरचे आकडे किलोवॅट-तासांत असतील, तर मीटर फक्त प्रत्यक्ष वापरलेली ऊर्जा मोजतो आणि पॉवर फॅक्टरने त्यात काडीचा फरक पडत नाही. उलट त्या हिरव्या दिव्याचीच थोडी भर पडते.

रातकिडा, तुमच्या प्रश्नाकडे येतो. दहा लुकलुकींची सरासरी काढलीत ते बरं केलंत, पण त्या सरासरीतच चोर लपलेला असू शकतो. त्या दहा लुकलुकी सारख्या अंतराने होत्या, की मध्येच घाई आणि मग शांतता? आज रात्री प्रत्येक लुकलुकीची वेळ लिहून काढा.

ज्यांच्या पाटीवर ३२०० नाही त्यांच्यासाठी: १६०० असेल तर ११२५ ऐवजी २२५० धरा, १००० असेल तर ३६००. मीटरच्या पेटीला हात लावायची गरज नाही, सील तर अजिबात छेडू नका. बघायचं फक्त.

खटपट्या

वाचनखूण साठवली. आत्ताच मोजून आलो. सगळं बंद करून माझे ३८ वॅट. त्यात राउटर आणि सेट-टॉप बॉक्स असावेत.

रातकिडा, चार्जर उपटायचं सोडा हो. रिकामा चार्जर वॅटाच्या दशांशात खातो. २० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला ०.५८ युनिट लागतं. ०.२ वॅट खाणारा चार्जर तेवढं खाईपर्यंत चार महिने उलटतात. तुमची एक आंघोळ म्हणजे चार महिने लटकलेला चार्जर.

रातकिडा

चार वर्षं मी वाकून वाकून सॉकेटमधून चार्जर काढतोय. हे वाक्य घरात कोणाला दाखवणार नाही.

झाकणवाली

खटपट्यांना +१. मला नेहमी वाटतं की आपण दिसणाऱ्या विजेवर चिडतो. दिवा दिसतो म्हणून बंद करतो. तापवण्याचं काम मात्र भिंतीआड, टाकीत, पातेल्यात चालतं, तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

स्वयंपाकघरातलं एक सांगते. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३१५ किलोज्यूल लागतात. तेच एक लिटर पाणी उकळून पूर्ण आटवायला २२५७ किलोज्यूल, म्हणजे सातपट! तेव्हा पातेल्यातून भकाभका वाफ जाते तेव्हा सगळ्यात जास्त इंधन जात असतं, आणि त्या वाफेचा शिजण्याला काहीच उपयोग नसतो. पाणी मंद उकळलं काय किंवा खदखदलं काय, उघड्या भांड्यात तापमान १०० च्या आसपासच राहतं. उकळी आली की आच बारीक, वर झाकण. माझ्या सासूबाई हे न शिकता करायच्या, मी पदवी घेऊन तिसऱ्या वर्षी शिकले.

कुकरमध्ये दाब वाढला की पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून वेळ वाचतो. पण शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊ देणं म्हणजे परत वाफच उधळणं. पहिल्या शिट्टीनंतर आच कमी केली तरी आतला दाब टिकतो.

उंटावरचा शहाणा

मग इंडक्शन घ्यावं की गॅसच बरा?

झाकणवाली

इंडक्शनमध्ये भांड्याचा तळच तापतो, त्यामुळे जवळपास ८५ टक्के उष्णता भांड्यात जाते. गॅसच्या ज्योतीची बरीच उष्णता भांड्याच्या कडेने वर निघून जाते. पण वीज जिथे तयार होते तिथेही बरीच ऊर्जा वाया जाते, तेव्हा एकूण हिशोब तुमची वीज कशापासून येते त्यावर ठरेल. माझ्यापुरतं सांगते, उन्हाळ्यात स्वयंपाकघर तापत नाही एवढ्यावर मी इंडक्शन घेतलं. कार्यक्षमता नंतर आठवली.

आजोबांचा चष्मा

मोजलं. सगळं बंद केल्यावर ११ सेकंदांना एक लुकलुकी, म्हणजे १०० वॅटच्या थोडं वर. आणि "सगळं बंद" म्हणताना सज्जातला जुना फ्रिज मी विसरलोच होतो. नवा घेतला तेव्हा जुना टाकवेना म्हणून "पाहुणे आले तर" सज्जात ठेवला. आत दोन पाण्याच्या बाटल्या आहेत. दोन बाटल्यांना चोवीस तास खास नोकर!

खटपट्या

काका, दंडवत. आणि तो सज्जात म्हणजे उन्हात. बाहेरची हवा जितकी गरम तितकी उष्णता बाहेर ढकलणं कॉम्प्रेसरला जड जातं. चालू फ्रिजही भिंतीला आणि शेगडीला चिकटवून ठेवू नये, मागे-बाजूला हवा खेळायला हवी. दाराचं रबर तपासायला कागदाचा कपटा दारात धरून दार लावा. कपटा सहज सुटून आला तर तिथून गारवा गळतोय. थंड कप्प्याला ४ अंश, फ्रीझरला उणे १८ पुरतात. ज्या फ्रीझरमध्ये बर्फाची भिंत जमते, ती बोटभर जाड व्हायच्या आत वितळवा.

मिष्किली

आई आयुष्यभर ओरडत आली, "फ्रिजचं दार उघडून काय नुसता बघत उभा राहतोस, वीज जाते!" खरंच किती जाते?

तारतम्य

छान प्रश्न. समजा फ्रिजमधली २५० लिटर हवा पूर्ण बाहेर पडली आणि तेवढीच गरम, दमट हवा आत आली. हवेचं वजन जेमतेम ३०० ग्रॅम. ती गार करायला सात-आठ किलोज्यूल, तिच्यातल्या बाष्पाचं पाणी व्हायला आणखी दहा धरा. एकूण १८-२० किलोज्यूल.

आता ३ लिटरचं पातेलं ८० अंशांवर असताना आत ठेवलं. ते ५ अंशांवर आणायला सुमारे ९४० किलोज्यूल काढावे लागतात. म्हणजे एक गरम पातेलं म्हणजे जवळपास पन्नास वेळा दार उघडणं. आईचं ओरडणं चुकीचं नाही, फक्त तिने पातेल्यावर ओरडायला हवं होतं. अर्थात निवण्यासाठी म्हणून रात्रभर बाहेरही ठेवू नका, जंतू वाढतात. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. पसरट भांड्यात ओता किंवा थंड पाण्यात ठेवा, लवकर निवतं.

मिष्किली

हा प्रतिसाद आईला पाठवला. उत्तर आलं: "तू आधी दार लाव."

रातकिडा

तारतम्य, वेळा लिहून काढल्या. तुमचा संशय बरोबर! चार-पाच लुकलुकी दोन-दोन सेकंदांच्या आत, मग दहा-बारा सेकंदांना एक अशा पाच, की परत भराभर. दर सत्तर सेकंदांना हेच चक्र. घड्याळ लावल्यासारखं.

तारतम्य

मग तुमच्याकडे दोन चोर आहेत. एक सतत खाणारा: ११-१२ सेकंदांना एक म्हणजे ९५-१०० वॅट. दुसरा दर सत्तर सेकंदांना सात-आठ सेकंद चालतो आणि तेवढ्या वेळात ५५० वॅटच्या आसपास घेतो. एवढ्या थोड्या वेळासाठी चालणारी मोटार. घरात पाण्याचा दाब वाढवणारा पंप आहे का? नळ उघडला की आपोआप चालू होणारा?

रातकिडा

गच्चीवर आहे. पण रात्री दोन वाजता नळ कोण उघडणार?

तारतम्य

पंपाला नळ दिसत नाही, दाब दिसतो. कुठेतरी पाणी गळतंय, दाब उतरतो, पंप चालू होतो, दाब भरतो, बंद होतो. आधी शौचालयाच्या फ्लशच्या टाक्या बघा. टाकीत दोन थेंब खाण्याचा रंग टाका, फ्लश न करता अर्ध्या तासाने भांड्यात डोकावा. रंग उतरला असेल तर टाकीच्या तळाची झडप गळतेय. तसं नसेल तर पंपाजवळची पाणी उलट न जाऊ देणारी झडप तपासा.

सतत खाणाऱ्यासाठी: फलकातले एमसीबी (घराच्या एकेका भागाची वीज तोडणारे खटके) एकेक करून खाली पाडा आणि प्रत्येक वेळी मीटर बघा. ज्या एमसीबीने अंतर वाढेल त्या खोलीत शोधा. संगणक नीट बंद करून मगच पाडा.

गारठलेला

मी थंड प्रदेशात राहतो, त्यामुळे तुमचं एसी-पंख्याचं दुःख माझ्याकडे नाही, उलटं आहे. इथे घर गरम ठेवण्यातच सगळी ऊर्जा जाते. पहिल्या हिवाळ्यात मी तीन प्रकारचे विजेचे हीटर आणले: पंख्याचा, तेल भरलेला, लाल तारेचा. प्रत्येकाच्या खोक्यावर "कार्यक्षम" लिहिलेलं. नंतर कळलं की एक युनिट विजेची तिघेही एकाच युनिटची उष्णता करतात. फरक फक्त ती कुठे आणि किती पटकन मिळते यात. पायाशी लाल तार धरली तर खोली न तापवता माणूस तापतो, हा तिचा खरा गुण.

त्याहून जास्त मिळवायचं तर हीट पंप लागतो. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून आत ओढून आणतो, म्हणून एका युनिटमागे तीन युनिट उष्णता देऊ शकतो. हा चमत्कार नाही, उलट्या दिशेने चालवलेला फ्रिजच.

पण सगळ्यात स्वस्त उपाय निघाला उदबत्ती. वारा असलेल्या दिवशी खिडक्या-दारांच्या कडेने पेटलेली उदबत्ती फिरवली. धूर जिथे आडवा पळाला तिथे फट. रबरी पट्ट्या लावल्या, पोटमाळ्याच्या झाकणाभोवती पण. मग काचा. एकेरी काचेतून चौरस मीटरमागे आणि प्रत्येक अंशाच्या फरकाला साडेपाच-सहा वॅट निसटतात, दुहेरीतून त्याच्या निम्मे. दीड चौरस मीटरची खिडकी, आत-बाहेर २० अंशांचा फरक: एकेरी काच म्हणजे १७० वॅटचं भोक. काच बदलणं परवडेपर्यंत जाड पडदे आणि काचेला पारदर्शक फिल्म ताणून लावली.

उंटावरचा शहाणा

आमच्याकडे उलट, पश्चिमेची खिडकी म्हणजे भट्टी. जाड पडदे लावले तरी खोली तापतेच.

गारठलेला

पडदा आत आहे ना? ऊन काच ओलांडून आलं, पडद्याला तापवून बसलं, आता ती उष्णता आतच फिरणार. उन्हाला काचेच्या बाहेरच अडवा: छज्जा, बांबूची चटई, वेल, बाहेरची झडप. भर उन्हात चौरस मीटरवर हजार वॅटपर्यंत ऊन पडतं, त्याचा निम्मा भाग जरी आत आला तरी खोलीत छोटा हीटर चालू आहे असं समजा. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर गच्चीला पांढरा रंग.

उंटावरचा शहाणा

चटई बाहेर टांगतो. आता एसीचं सांगा कोणीतरी. मी १६ वर लावतो, म्हणजे खोली लवकर गार होते.

खटपट्या

साध्या एसीत होत नाही. १६ म्हणजे "इथे थांब" एवढाच निरोप. २४ वर लावा किंवा १६ वर, कॉम्प्रेसर त्याच वेगाने चालतो. फक्त १६ ला तो थांबतच नाही आणि तुम्ही पहाटे गोधडी घेता. इन्व्हर्टर एसीत वेग बदलतो, त्यामुळे सुरुवातीला थोडा फरक जाणवेल, पण शेवटचा मुक्काम २६ असला तर वीज पुष्कळ वाचते. २६ वर एसी आणि छताचा पंखा मंद. पंखा खोली गार करत नाही, माणसाला गार करतो. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा उलट स्वतःच्या सत्तर वॅटने खोली तापवतोच.

अवांतर: "दीड टनी एसी" मधला टन एसीच्या वजनाचा नाही. दोन हजार पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, त्या वेगाला एक टन म्हणतात. सुमारे साडेतीन किलोवॅट. बर्फाच्या लाद्यांनी गारवा मिळायचा त्या काळची ही आठवण.

शंकासुर

आणि पंख्याचा रेग्युलेटर? कमी वेगावर पण तेवढीच वीज जाते म्हणतात.

खटपट्या

जुन्या, मोठ्या, गरम होणाऱ्या रेग्युलेटरबद्दल ते बरंचसं खरं होतं. पंख्याची वाचलेली वीज तो स्वतः जाळायचा. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरला ते लागू नाही. खरी बचत बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या डीसी मोटारीच्या) पंख्यात: पूर्ण वेगाला साधा पंखा ७५ वॅट घेतो, हा ३० च्या आसपास. ज्या पंख्याखाली तुम्ही रोज आठ-दहा तास बसता-झोपता तो आधी बदला. पाहुण्यांच्या खोलीतला वर्षात दहा दिवस फिरतो, त्याला राहू द्या.

आजोबांचा चष्मा

माझा मुद्दा थोडा वेगळा. १८६५ मध्ये जेव्हन्स नावाच्या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने लिहून ठेवलंय की वाफेची इंजिनं सुधारली, कमी कोळशात जास्त काम करू लागली, आणि कोळशाचा एकूण खप कमी व्हायच्या ऐवजी वाढला. माझ्या घरात तेच झालं. साठ वॅटचा बल्ब होता तेव्हा खोलीत एकच आणि बाहेर पडताना बंद. नऊ वॅटचे एलईडी आले तर छताला आठ, कपाटात दोन, पायरीखाली पट्टी. बहात्तर वॅट नुसत्या छताचे! वर "एलईडी आहे, काय होतंय" म्हणून रात्रभर चालू.

तारतम्य

काका, मुद्दा मान्य, पण पूर्ण नाही. त्याच प्रकाशाला एलईडी सहा-सात पट कमी वीज घेतो. तुम्ही दिवे सहापट वाढवलेत तरच बरोबरी होते, आणि तुम्ही ते करून दाखवलंत हे तुमचं कर्तृत्व! निळ्या एलईडीसाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना मिळालं, कारण निळ्याशिवाय पांढरा प्रकाश जमत नव्हता. ते पायरीखालची पट्टी बघून हळहळतील.

गरम पाणी, एसी, फ्रिज इथे मात्र तुमचा जेव्हन्स फारसा चालत नाही. कार्यक्षम गीझर आला म्हणून कोणी दिवसातून चार वेळा आंघोळ करत नाही.

मिष्किली

माझा भाऊ करतो.

झाकणवाली

गीझरचं एक राहिलं. साठवणीचा गीझर दिवसभर चालू ठेवला तर पाणी वापरलं नाही तरी टाकी निवत राहते आणि थर्मोस्टॅट परत परत तापवत राहतो. वापरायच्या आधी अर्धा तास लावा. पण वीज वाचवायला तापमान खूप खाली उतरवून टाकीत कोमट पाणी दिवसेंदिवस ठेवू नका. कोमट साठ्यात लेजिओनेला जिवाणू वाढतात, साठवणीसाठी ६० अंश सांगतात ते त्याचसाठी. आणि नळातून *गरम* पाणी ठिबकत असेल तर आज वॉशर बदला. दिवसाला दहा लिटर, ३५ अंशांनी तापवलेलं, म्हणजे रोज ०.४ युनिट मोरीत.

धुण्याच्या यंत्रातही वीज खाते ती पाणी तापवणारी कॉइल. ड्रम फिरवायला फार लागत नाही. साध्या मळक्या कपड्यांना थंड पाणी पुरतं. ड्रायर वापरणाऱ्यांनी आधी पिळणीचा वेग जास्तीत जास्त ठेवा: कपड्यातलं एक लिटर पाणी वाफ करून घालवायला ०.६३ युनिट लागतं, तेच पाणी पिळून काढायला त्याच्या जवळपासही नाही. दोरी असेल तर मग प्रश्नच नाही.

रातकिडा

मंडळी, चोर सापडले!

पहिला: खालच्या शौचालयाची टाकी. रंग टाकला, अर्ध्या तासात भांडं निळं. झडपेचं रबर कडक होऊन त्याला चीर पडली होती. आवाज नाही, काही नाही, भिंतीवरून केसाएवढा पाण्याचा ओघळ. त्या ओघळासाठी गच्चीवरचा पंप दर सत्तर सेकंदांना उठत होता. सरासरी ६३ वॅट, वर्षाला साडेपाचशे युनिट, शिवाय वाया गेलेलं पाणी वेगळं. रबराचा तुकडा बदलायला वीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा नळाची मुख्य चावी शोधण्यात.

एमसीबी पाडत पाडत उरलेला हिशोब लागला. टीव्हीशेजारचा सेट-टॉप बॉक्स आणि ॲम्प्लिफायर मिळून २७ वॅट. टीव्ही रिमोटने बंद, पण हे दोघे जागे. राउटर ९, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर १२, एसी वगैरे उभ्या-उभ्या ४. आणि सगळ्यात मोठा, इन्व्हर्टर: ४५! बॅटरी सात वर्षांची आहे. काल तिला हात लावला तर कोमट लागली.

तारतम्य

झकास. म्हातारी बॅटरी चार्ज धरून ठेवत नाही, चार्जर तिला सतत पाजत राहतो आणि ती ते उष्णतेत घालवते. स्थिर असताना कोमट लागणं ही वाईट खूण. पाण्याची पातळी बघा, खोलीत हवा खेळती ठेवा आणि ती लवकर बदला. हे बचतीसाठी नाही, सुरक्षेसाठी सांगतोय.

सेट-टॉप बॉक्ससारख्या वस्तूंबद्दल एक. १९९८ मध्ये ॲलन मायर या संशोधकाने सुचवलं की बंद अवस्थेत कुठलंही यंत्र एक वॅटपेक्षा जास्त खाऊ नये. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने ते पुढच्या वर्षी उचललं. युरोपात २०१० पासून साध्या स्टँडबायला एक वॅटची, २०१३ पासून अर्ध्या वॅटची मर्यादा आली. म्हणून तुमचा टीव्ही निर्दोष सुटला. पण नेटवर्कला जोडलेली यंत्रं "बंद" असतानाही जागीच असतात, ती सुटली नाहीत. डोक्यात ठेवायला सोपा आकडा: सतत एक वॅट म्हणजे वर्षाला पावणेनऊ युनिट.

शंकासुर

आणि माझी डबी?

खटपट्या

हिरवा दिवा आहे ना? रात्रीचा दिवा म्हणून वापरा.

आजोबांचा चष्मा

सज्जातला फ्रिज आज बंद केला. बाटल्या मोठ्या फ्रिजमध्ये हलवल्या, त्यांना तिथे जागा होतीच. दार जरा उघडं ठेवलंय, नाहीतर आत बुरशी येते. आता लुकलुक २२ सेकंदांना एक. नातू शेजारी उभा राहून मोजत होता. म्हणाला, "आजोबा, तुम्हाला सिद्धी आहे."

रातकिडा

शेवटचा आकडा टाकतो. बॅटरी काल बदलली, इन्व्हर्टर आता १२ वॅटवर. टीव्हीच्या मागे एकच बटण असलेली पट्टी लावली, झोपताना ती बंद. रात्री दोनला पुन्हा गेलो. पहिली लुकलुक झाली आणि मग काहीच होईना. मीटर बंद पडला की काय म्हणून छातीत धस्स झालं. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस... आणि लुकलुकला. ३७ वॅट.

मागे वळून बघतो तर बायको दारात. "सापडला ना चोर? मग आता झोपा," म्हणाली, आणि जाता जाता पॅसेजमधला दिवा चालूच ठेवून गेली. नऊ वॅटचा आहे. काही बोललो नाही.